सातव्या मजल्यावरून दिसलेली राख

अन्याय माझ्या आईवर झाला, आणि तिच्यासोबत काम करणाऱ्या बायकांवर. कधी, तेही सांगते. यंदा जयंतीच्या आदल्या दिवशी, तेरा एप्रिलला, सकाळची पाळी सुरू होताना. दुसऱ्या दिवसाची पांढरी साडी इस्त्री करून खुर्चीवर ठेवली होती. कामावर गेलेली आई लगेच परत आली. "शेडला सील लागलं," म्हणाली, आणि नखांतलं काळं ब्रशने घासत बसली.

शेड अंबरनाथ पूर्वेला, पालेगावच्या अलीकडे. तिथे टाकाऊ टायरच्या रबराची भुकटी जुन्या प्लास्टिकमध्ये मिसळून, तापवून साच्यात दाबतात. त्यातून रिक्षाच्या बॅटरीखालचा ट्रे निघतो, टेम्पोच्या चाकामागचा मडफ्लॅप निघतो. उल्हासनगरचा एक सिंधी भंगारवाला टायर कापून, तार काढून पाठवायचा. जाळणं कुठेच नाही. वास येतो, ते लपवणार नाही. रबर तापलं की वास येणारच. तो ओढून घेणारा पंखा आणि फिल्टर बसवा म्हणून मालकाशी भांडले तीही मीच, आणि त्याने ते बसवले.

मग सील का? तर वाळवणामुळे. भुकटीला ओल राहिली की ट्रेमध्ये फुगे धरतात आणि गाडी खड्ड्यात आपटली की तो चिरतो. म्हणून बायका भुकटी आधी ताडपत्रीवर उन्हात पसरायच्या, मधूनमधून हाताने परतायच्या, घरी कुरडया वाळत घालाव्यात तशा. समोरच्या नव्या टॉवरच्या सातव्या मजल्यावरून कुणीतरी त्या काळ्या अंगणाचा फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: 'टायर जाळून राख उघड्यावर.' संध्याकाळपर्यंत तक्रारीवर सह्या झाल्या. धूर तेव्हा येत होता, खरंच येत होता. पण नाल्याकडून. तिथे तारेसाठी टायर पेटवतात. गॅलरीतून नाला दिसत नाही, शेड दिसते.

मी भंगारवाल्याकडे गेले. त्याच्या दुकानापुढे टायरचा ढीग रस्त्यावर आला होता.

"बेटा, माल तो आता रहेगा," तो म्हणाला. "तेरी मम्मी का शेड बंद, तो उठाएगा कौन? नालेवाला रोज फोन करता है."

"त्याला देऊ नका."

"अब तक नहीं दिया. तू ताला खुलवा, फिर मुझे बोल."

पत्रक छापून उपयोग नव्हता. ज्यांनी सह्या केल्या त्यांच्यासमोरच जायला हवं होतं. पिशवीत भुकटी आणि एक ट्रे घेतला, आईला घेतलं आणि सोसायटीच्या मीटिंगला गेले. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. सेक्रेटरी काका शांतपणे म्हणाले, "ताई, माझ्या नातीला पंप लागतो. कुणाच्या पोटावर मारायला सही नाही केली मी."

"मग तिला धूर कोण देतंय ते तरी बघा, काका."

मी भुकटी टेबलावर ओतली. पाचव्या मजल्यावरच्या काकूंनी ती मुठीत दाबली आणि सोडली. "अगंबाई, ही तर परत फुगते. राख कुठली ही?"

"काकू, घरी नेऊन भजी नका तळू," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

आई हसली नाही. "हसा. पण उद्या मी कामाला कुठे जाऊ, तेवढं सांगा."

काकांनी ट्रे उलटसुलट करून पाहिला, खाली ठेवला. "चूक झाली असेल. पण आता सही मागे घेतली, तर लोक म्हणतील मालकाने आम्हाला मॅनेज केलं."

लोक म्हणतील. एवढ्यावर शेड अजून बंद आहे. फेरतपासणी हवी तर तक्रारदारांनी लेखी द्यावं, असं सील लावणाऱ्या साहेबाने मला तोंडावर सांगितलंय. आई सध्या बदलापूरला एका बिल्डिंगचे जिने पुसते. नखं स्वच्छ झालीत तिची. मला ती तशी बघवत नाहीत.

तो फोटो तुमच्याही फोनवर आला असेल, तुम्ही त्याखाली अंगठ्याचं चिन्ह टाकून पुढे ढकलला असेल, सही केली असेल. तर या रविवारी शेडच्या फाटकाशी या. भुकटी मुठीत घेऊन बघा. मग तिथेच, माझ्यासमोर, लिहून द्या की ती राख नव्हती. आणि दुसरी सही नाल्यावरच्या जाळण्याविरुद्ध करा. पेन मी आणते, तुम्ही या.