मावशीने चिरलेली फळं

माझ्या मावशीला आमच्या मंडळीत सगळे डॉक्टरीणबाई म्हणायचे. खरं तर ती शिंपीण. चर्चमागच्या गल्लीत तिची एकच खोली. खिडकीशी शिलाई मशीन, पलीकडे ओटा, आणि मशीनवर कायम कुणाची तरी उसवलेली पँट. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. रक्ताच्या नात्याची म्हणाल तर मी एकटी भाची, आणि मी काही गोड स्वभावाची नाही. त्यामुळे तिचं सगळं गणगोत म्हणजे ती मंडळीच.

कुणी आजारी पडलं की मावशीचा डबा त्या घरी पोचलाच म्हणून समजा. बावीस वर्षं हे चाललं होतं. उपासनेत पाळकसाहेब आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायचे, तेव्हा ‘आमेन’च्या आधीच हिच्या मनात भाज्या चिरून झालेल्या असायच्या. डब्यात सूप आणि पाव, तेही घरभर पुरेल एवढं. गेल्या वर्षापासून तिने त्यात फळांची डबी वाढवली. सोलून, बिया काढून, बारीक तुकडे करून.

“नुसतं सूप म्हणजे शिक्षाच गं,” ती म्हणायची. “आजारी माणसाच्या तोंडाला चव नको?”

यंदा मंडळीचं वार्षिक जेवण झालं, त्यात फळांचं मोठं पातेलं अर्थातच मावशीकडे होतं. पंधरवड्यात तीन घरांत ताप आला. उपासनेत पेटी वाजवणारे मास्तर त्यात पहिले. रक्त तपासलं तर टायफॉइड.

आम्ही हातपाय गाळून बसलो नाही, एवढं आमच्या बाजूने सांगते. पाळकसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना बोलावलं. कुणी औषधं आणायची, कुणी आजाऱ्यापाशी बसायचं, हे वाटून घेतलं. मी शाळेच्या ऑफिसात कारकून, तेव्हा वही माझ्याकडे आली. कोण कधीपासून आजारी, कुणाकडे कोण जाऊन आलं, डबा कधी पोचला, सगळं मी तारीखवार लिहीत गेले. मावशीने शिवणकाम बाजूला सारलं आणि ती ओट्याशी उभी राहिली ती राहिलीच. तीन घरांची सात झाली, साताची अकरा. आजारी वाढले तसे आम्ही डबे वाढवले.

मास्तर उठून बसायला लागले आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी तापाने पडली. बाराव्या दिवशी ती गेली. एवढीशी शवपेटी मी त्याआधी पाहिली नव्हती. चौघांनी उचलायची म्हणून चौघं पुढे आले, आणि दोघांना हात लावायला जागाच उरली नाही.

त्यानंतर आरोग्य खात्याची नर्स पाळकसाहेबांच्या ऑफिसात येऊन बसली. चर्चच्या टाकीचं पाणी तपासून झालं होतं, त्यात काही सापडलं नव्हतं. पाळकसाहेबांनी मोठ्या कौतुकाने माझी वही तिच्यापुढे ठेवली. ती पेन्सिलीने बारीक खुणा करत वाचत राहिली.

“हा डबा कोण करतं?”

“माझी मावशी,” मी ऐटीत म्हटलं.

“फक्त आजारी माणूसच खातो?”

“छे हो! घरभर पुरतो.”

तिने वही माझ्याकडे वळवली. डबा घरात पोचला, आणि दोन आठवड्यांच्या आसपास त्याच घरात आणखी कुणाला तरी ताप. एका घरात नाही, पाच घरांत. अक्षर माझं, तारखा माझ्या. मी त्या रोज लिहिल्या होत्या आणि मला ते दिसलं नव्हतं.

मावशीला लग्नाआधी कधीतरी टायफॉइड झाला होता. तपासणीत कळलं, जंतू अजून तिच्या पोटात होते. नर्स तिला सांगायला खोलीवर आली, तेव्हा मी तिथेच होते.

“अहो, पण मला तापच नाही,” मावशी म्हणाली.

“तुम्हाला त्रास होत नाही. दुसऱ्यांना होतो.”

“मी हात धुते हो. साबणाने धुते.”

“कधीतरी राहून जातं, मावशी. सूप उकळतं, त्यातून काही जात नाही. फळं मात्र...”

मावशी स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. “बारीक चिरायचे मी,” ती म्हणाली. “घशाखाली उतरावीत म्हणून.” मग दोन दिवस ती ना ओट्याशी गेली, ना मशीनवर बसली. औषध दिलं की घ्यायची, तेवढंच. मी रडले, ती रडलीसुद्धा नाही.

मंडळीच्या पंचांच्या बैठकीला वही घेऊन मलाही बोलावलं होतं. आमचे ज्येष्ठ पंच म्हणाले, “पाणी दूषित होतं असंच सांगू. मावशींना काही महिने येऊ नका म्हणावं. मंडळीच्या अब्रूचा प्रश्न आहे.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “पोर गेली आमच्यातली! आणि तुम्हाला अब्रूचं पडलंय?”

कधी आवाज न चढवणारे पाळकसाहेब त्या दिवशी टेबलावर हात आपटून म्हणाले, “फळं खाल्लेल्या प्रत्येकाची तपासणी व्हायला हवी. खोटं सांगितलं तर आणखी कोणी मरेल. रविवारी नर्सबाई बोलतील.” मावशीचं नाव घ्यायचं नाही, असं ठरलं. पण फळांचं नाव घेतल्यावर मावशीचं घ्यायची गरज कुठे होती?

रविवारी मावशी आली, आत मात्र येईना. “मी इथूनच ऐकते,” म्हणाली आणि बाहेर पायरीवर उभी राहिली. मी तिच्याजवळ थांबले. आतलं सगळं ऐकू येत होतं. नर्स फळांपर्यंत आली आणि एकेक मान दाराकडे वळली. ज्यांच्या घरी हिने बावीस वर्षं डबे पोचवले, ती माणसं तिच्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तशी बघत होती.

पहिल्या बाकावरून मास्तरांची बायको उठली आणि सरळ दाराकडे चालत आली. ही आता मारणार, असं वाटून मी मध्ये उभी राहिले. तिने मला बाजूला केलं.

“यांना तापात फळं नको व्हायची,” ती मावशीला म्हणाली. “डबी तशीच राहायची. मीच पोरीला म्हटलं, खा गं, वाया जातील. मावशी, मी भरवली तिला. रोज.”

मावशी एक पायरी खाली सरकली, तशी मास्तरांची बायकोही खाली उतरली.

“सगळे म्हणतात, तुझी काय चूक? त्यांना काय कळतंय! माफीबिफी माझ्याकडे आत्ता मागू नका. नाही जमणार. पण आत चला.”

तिने हात पुढे केला, तशी मावशीने आपले दोन्ही हात झटकन पाठीमागे नेले. “नको गं, हात नको लावू.”

तिने तो हात पाठीमागून ओढून काढला आणि घट्ट धरून मावशीला आत नेलं. पहिल्या बाकावर मास्तरांच्या शेजारी एक जागा रिकामी होती. मुलगी तिथे बसायची. तिथे तिने मावशीला बसवलं.