मैदान हॉल्टचा नवस

कुंभारीच्या पलीकडच्या माळावर कुस्तीचं मोठं मैदान झालं आणि त्याच्यासाठी रेल्वेनं ठेसन दिलं. ठेसन कसलं, फलाट, पत्र्याची खोली आणि 'मैदान हॉल्ट' अशी पाटी. पॅसेंजर तेवढी थांबायची. पण तिथली तिकिटं विकायचं काम बिरुदेवला मिळालं, आणि त्याच्या थोरल्या भावाचं, येडूचं, पोट त्या दिवसापासून दुखायला लागलं.

कालपर्यंत हाच बिरुदेव त्याच्या मागं काठी घेऊन मेंढरांपाठी हिंडायचा. आता इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीत बसायचा. कुस्त्यांच्या दिवशी माणसं खिडकीवर तुटून पडायची. मास्तर हितं, मास्तर तितं. येडू समोरच्या चढावर मेंढरं सोडून ते बघत राहायचा. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, हा धंदा त्याला भलताच साधला होता.

"मेंढी लंगडती का, ते कळत न्हाय, आन म्हनं मास्तर!" तो घरी येऊन बायकोला सांगायचा.

"मेंढी लंगडू दे की," मायाक्का भाकरी थापत म्हणायची. "तुमी का लंगडताय?"

हेही त्यानं गिळलं असतं. पण बिरोबाच्या जत्रेत पालखीवर पहिला भंडारा उधळायचा मान थोरल्याचा, म्हणजे येडूचा. बापानंतर तो कधी चुकला नव्हता. त्या साली भावकीनं पहिली मूठ बिरुदेवच्या हातात दिली. मास्तर झालाय, शोभतंय! येडू पिवळ्या धुळीत उभा राहिला आणि देवाकडं बघून मनात बोलला, "हे ठेसन बंद पाड देवा. बकरं कापीन, सगळ्या भावकीला जेवू घालीन."

देवानं ऐकलं. का कुणी ऐकलं, कुणास ठाऊक. मोठ्या कुस्त्या दुसऱ्या तालुक्यात गेल्या, मैदानात गवत माजलं, उतरायला माणूस उरला नाही. एका सकाळी गाडी न थांबता शिट्टी मारत निघून गेली. चढावर येडूनं पटका काढून हवेत फेकला. फलाटावर बिरुदेव एकटाच उभा होता. तो बराच वेळ तिथून हलला नाही.

मग नवस फेडायची पाळी आली, आणि तिथं येडूची पाचावर धारण बसली. एक भाऊ उपाशी राहिला तर नवस फिटत नाही, ही रीत. बिरुदेवला बोलवणं भाग. आणि बकरं कापण्याआधी नवस कशाचा, ते देवापुढं मोठ्यानं बोलायचं, हीही रीत. कबूल करताना गड्याला हे आठवलंच नव्हतं!

देवळापुढं भावकी जमली. चुलता सिद्धराम म्हणाला, "बोल येडू. कशाचा नवस?"

खाई त्याला खवखवे. येडूनं मान खाली घातली.

"त्यो न्हाय बोलायचा. मला ठाव हाय," मागून बिरुदेव पुढं आला. शर्ट तोच, इस्त्री गेलेली. "ठेसन गेल्यापासनं मी खुळ्यागत झालतो, काका. भाऊ मानसात यावा म्हनून दादानं देवाला साकडं घातलं आसंल. व्हय का न्हाय, दादा?"

सगळे बघत होते. देवही बघत होता.

"व्हय," येडू म्हणाला.

बिरुदेवनं त्याचे पाय धरले आणि तो हमसून हमसून रडला. मग उठून त्यानं स्वतःच भंडाऱ्याची पहिली मूठ येडूच्या हातात दिली. "मान तुजाच हाय, दादा. माझं चुकलं तवा."

चुलत्यानं डोळे पुसले. "ह्याला म्हनायचं भाऊ," तो म्हणाला, आणि हात ठेवला तो बिरुदेवच्या खांद्यावर.

ठेसन गेलं होतं, मान परत आला होता. येडूनं मूठ उधळली आणि त्या पिवळ्या धुळीतून धाकट्याच्या ओल्या तोंडाकडं बघितलं. पोटात पुन्हा तीच कळ आली. याला चारचौघांत रडतासुद्धा किती छान येतं!