हाऊ लाँग

पहाटे चारला उठलेली क्रांती भाकऱ्या थापतानाही इंग्रजी शब्द घोकत होती. द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये आज सुपरवायझरच्या जागेसाठी मुलाखत होती.

"हाऊ लाँग हॅव यू वर्क्ड हिअर?" साहेबांनी विचारलं.

लाँग म्हणजे लांब. "टेन किलोमीटर, सर," तिनं ठासून सांगितलं. जागा गेली.

"किती वर्सं काम करतीयास, आसं व्हतं ते," सोबत पेट्या भरणारी, बारावी झालेली अंकिता सारं ऐकून म्हणाली. "तू तर रस्ताच मोजून दिलास गं."

क्रांतीला हसू येईना. शब्द पाठ होते, वाक्यात ते निराळे निघाले. दिवसभर तोच प्रश्न तिला टोचत राहिला.

हंगामाचा पगार हातात पडताच ती आष्ट्यातल्या इंग्रजीच्या क्लासात गेली.

"मुलाचं नाव?"

"माझंच लिवा," म्हणत तिनं फी भरली.