बापूरावांची शिसारी

बापूरावांना घाण सहन होत नसे. पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांनी उभा जन्म लेथ चालवली, पण सुट्टीचा भोंगा झाला की भुसा आणि साबण घेऊन कोपरापर्यंत असे घासत बसत, की बाकीचे म्हणत, "बापूराव, कातडं ठेवा थोडं, उद्या परत यायचंय." मग पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट चढवून ते कंपनीच्या बसमध्ये बसत. शेजाऱ्याच्या डब्यातलं लोणचं सांडलं तर स्वारगेटपर्यंत उभ्यानं येत.

परदेशी माल आला, कारखान्यानं माणसं कमी केली आणि बापूराव स्वेच्छानिवृत्ती घेऊन धनकवडीच्या फ्लॅटात बसले. तिथे घाण घरातच आली. सुशीलाबाईंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. शब्द उरले दोन, 'अहो' आणि 'नको'.

दिवसा बायडाबाई येऊन त्यांचं सगळं करत. रात्री आणि रविवारी मुलगी, भाग्यश्री. ती हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये होती. कंपनी तिला वर्षभर मेलबर्नला पाठवत होती आणि सोमवारी उत्तर मागत होती.

शनिवारी जेवताना ती म्हणाली, "बाबा, सरळ विचारते. आईला बेडपॅन द्यायला जमेल तुम्हाला?"

"जेवताना?"

"मग कधी विचारू? तुम्ही एरवी पेपरच्या मागे असता."

"बघू."

"बघू नाही. रात्रीची बाई टिकत नाहीये. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. मी तसं कळवते."

"केला होता मी प्रयत्न."

"नाकाला अत्तराचा रुमाल बांधून! वर भांडी घासायचे हातमोजे! आईनं तुमचा चेहरा बघून डोळे मिटून घेतले, बाबा. तेव्हापासून तुम्ही खोलीत पाऊल टाकलं की ती नको म्हणते."

बापूरावांनी ताट सरकवलं. "उद्या संध्याकाळी सांगतो. उद्या मी दत्तोबाबरोबर समुद्रावर चाललोय."

"मासे मारायला? उद्या?"

"ठरलंय."

दत्तोबा हा त्यांचा लेथवरचा जोडीदार, हिंजवडीचाच. त्याच्या भाताच्या खाचरांवर आता काचेच्या इमारती होत्या, त्यातल्याच एकीत भाग्यश्री बसायची. जमिनीच्या पैशातून हातात गाडी आली आणि काम गेलं. टीव्हीवर गोरे लोक मासे पकडताना बघून त्यानं बाहेरदेशातून दोन रॉड मागवले होते.

"गांडूळ न्हाय, कोळंबी न्हाय," त्यानं बापूरावांना पटवलं होतं. "सगळं प्लास्टिकचं हाय. खोटा मासा टाकायचा, खरा वडायचा. हात म्हनून भरायचा न्हाय." बापूराव तेवढ्याच बोलीवर जात. गळाचा मासा काढायचं काम दत्तोबाचं.

घाट उतरून दोघं किनाऱ्यावर पोचले तेव्हा ओहोटी लागली होती. सुकत टाकलेल्या मासळीचा वास नाकात घुसत होता. कातळांच्या फटीत वेफर्सची पाकिटं, एक चप्पल, कुणाच्या तरी बाळाचा फुगलेला डायपर. "पुण्याचेच असणार," बापूराव म्हणाले आणि रबरी हातमोजे चढवून, पँट दुमडून, शुभ्र शर्टानिशी गुडघाभर पाण्यात उतरले.

दत्तोबाला पहिल्या तासातच रुपेरी, काटेरी पाठीचा मासा लागला. "टीव्हीवाले ह्याला ब्रीम म्हनत्यात. आपल्याला तळल्याशी मतलब."

बापूराव पाण्याकडे बघत म्हणाले, "दत्तोबा, तुझ्या आईचं शेवटी कुणी केलं रे?"

"म्हातारीचं? बाया ठिवल्या व्हत्या की."

"आणि तू?"

"मी दारातनं इचारायचो, बरी हाय का म्हनून. आत पाय जायचाच न्हाय. वासच असा." त्यानं मासा पिशवीत टाकला. "येकदा बाई नव्हती. म्हातारीनं पानी मागितलं, ते बी त्या बाईच्या नावानं हाक मारून. मी तांब्या घिऊन हुभा. तर म्हनली, तू कोन रं बाबा?"

"मग?"

"मग काय? पानी पाजलं. धर, मी आलोच." आणि तो कातळामागे लघवीला गेला.

नेमका तेव्हाच बापूरावांचा रॉड वाकला. कोळंबीसारखं प्लास्टिक, बुडाला सुयांचा झुपका, आणि त्याला लोंबणारा गुलबट, बुळबुळीत, दहा पायांचा माकूल. बापूरावांनी तो कौतुकानं छातीपर्यंत उचलला.

कातळामागून दत्तोबा ओरडला, "वर घिऊ नगं! आदी पान्यात शाई सोडू दे!"

उशीर झाला होता. फच्चकन काळा फवारा उडाला. चष्मा, शर्ट, उघडं तोंड. खारट, चिकट, कुजका. दचकून त्यांनी हात झटकला आणि सुया बाहीत रुतल्या. आता तो प्राणी त्यांच्या मनगटालाच टांगलेला होता.

"दत्तोबा! काढ हे!"

"माझी नाडी सुटलीय! तूच काढ!"

"मी नाही हात लावणार!"

"मग तसाच घिऊन जा धनकवडीला!"

हातमोजे घसरत होते. बापूरावांनी ते दातांनी ओढून काढले. उघड्या हातानं माकूल धरला तेव्हा चोखणाऱ्या वाट्या बोटांना चिकटल्या. सकाळचे पोहे समुद्रात गेले. त्यांनी तोंड पुसलं, परत धरला, परत ओकारी आली, परत धरला. एकेक सुई सुटत गेली. शिसारी होती तेवढीच होती आणि हात तरीही चालत होते, याचंच त्यांना नवल वाटलं.

संध्याकाळी भाग्यश्रीनं दार उघडलं आणि नाक दाबलं. "अगंबाई! गटारात पडलात का?"

बापूराव सरळ आतल्या खोलीत गेले. सुशीलाबाईंनी त्यांना केसांपासून पायांपर्यंत बघितलं आणि डाव्या अर्ध्या तोंडानं हसल्या. घशातून घरघर निघाली. हसताना उशी हलली, चादर हलली आणि खोलीत वास पसरला.

"सरका, मी करते," भाग्यश्री म्हणाली.

"थांब. पाणी आण."

"नको," सुशीलाबाई म्हणाल्या.

"मलाही नकोच आहे. कुशीवर वळ."

रुमाल नव्हता, हातमोजे समुद्रातच गेले होते. बापूरावांचा चेहरा पिळल्यासारखा झाला, डोळ्यांत पाणी आलं. अर्ध्यात ते मोरीकडे पळाले, ओकले, चूळ भरून परत आले. सुशीलाबाई या वेळी डोळे उघडे ठेवून त्यांच्याकडे बघत होत्या.

"बाबा, पुढचं मी..."

"पंखा बंद कर. ओली आहे ती, गारठेल."

सगळं झाल्यावर ते कोपरापर्यंत साबण फासत मोरीतूनच ओरडले, "उद्या हो सांग त्यांना! पण माझं तोंड रोज असंच होणार. आईला सांगून ठेव!"

"अहो," खोलीतून हाक आली.

ते ओल्या हातांनी दारात आले. सुशीलाबाईंनी डावं बोट त्यांच्या काळ्याकुट्ट शर्टाकडे केलं, मग मोरीतल्या बादलीकडे.

"हाही मीच धुवायचा?"

सुशीलाबाईंनी मान डोलावली. बापूरावांनी शर्ट काढला, नाकाजवळ नेला आणि परत मोरीकडे पळाले.