मोठ्या बाबांचा रंग उडाला

आता माह्या हातून काय झालं ते ऐका, पण हसू नका बरं! हसालच म्हणा.

बाबा प्लांटमधून रिटायर झाले. प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर दोनच्या हॉलमधी कार्यक्रम. बाबांचे मोठे भाऊ, आमचे मोठे बाबा, राहतात नागपूरले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, येणार कसे? तं त्यांनी हात जोडून आशीर्वादाचा व्हिडिओ धाडला.

जुन्या फोनवरचा व्हिडिओ, चेहरा पार राखेसारखा! मी दोन दिवस बसून त्याले रंग दिले. गाल गुलाबी, शर्ट निळा, एकदम ताजे मोठे बाबा. मंग बाबांच्या फोटोइच्या व्हिडिओत, एका कोपऱ्यात त्याइले बसवलं. लहान केलं, गोल कापलं, भोवती झेंडूची किनार. मागं बासरीची धून लावली होती, म्हणून त्यांचा आवाज बंद.

पण कापला कोणता व्हिडिओ? रंग दिलेला नाई, पहिलाच! आन् हे मले कवा कळलं? भर हॉलमधी, पडद्यावर.

राखाडी चेहरा, झेंडूची गोल चौकट. जोडलेले हात कापण्यात गेले. मोठे बाबा गुपचूप सगळ्याइकडं पाहून राहिले. बाप्पा!

पद्मनाभपूरच्या आत्यानं किंकाळीच फोडली, "दादा गेले? मले कोणी सांगतलं कावून नाई वो!"

बाबा माह्याकडं वळले. तोंड पांढरंफटक. "पोरी, कार्यक्रम होईस्तोवर लपवून ठेवलं का तू?"

"नाई जी बाबा, तो रंग उडाला..."

"कसला रंग!"

घाबरून मी लॅपटॉपचं एक बटन दाबलं. व्हिडिओ तिथंच थांबला. आता तं मोठे बाबा हालत बी नव्हते!

तेवढ्यात बाबांच्या साहेबांनी माइक घेतला. "सब लोग खड़े हो जाइए। दो मिनट का मौन।"

अख्खा हॉल उभा! मी मोठ्या बाबांना फोन लावला. घंटी वाजून राहिली, कोणी उचलेच ना. खरं सांगते, मलेच शंका याले लागली.

"हॅलो!" मोठे बाबाच!

मी धावत जाऊन फोन माइकले लावला. आत्या धपकन खुर्चीत बसली.

"काय वो पोरी, माहा व्हिडिओ लागला का? लोकाइले आवडला?"

सगळे माह्याकडं पाहून राहिले. काय सांगू?

"मोठे बाबा... सगळे उभे झाले."

"पाह्य! मले वाटलंच होतं! धाड तो व्हिडिओ, गल्लीत सगळ्याइले दाखवतो."

पंधरा दिवस झाले, त्यांचा रोज फोन येते. मी रोज सांगते, "मोठे बाबा, अजून रंग भरून राहिली."