जपून ठेवलेला आकडा

आमच्याकडच्या धरणाचं पाणी दाखवणारी वेबसाइट पावसाळ्यात हमखास बसायची. निलंग्याकडच्या म्हशीसुद्धा डबक्यात तेवढा वेळ बसत नाहीत. म्हणून नांदेडला खोलीवर मी ब्राउझरसाठी एक एक्स्टेंशन लिहिलं. ते दर पंधरा मिनिटांनी पाण्याची पातळी आणि दरवाजांची स्थिती आणून ब्राउझरमध्ये साठवायचं; वेबसाइट पडली की साठवलेलं दाखवायचं. धरण फुटेल पण माझं एक्स्टेंशन थांबणार नाही, असं मी सांगत सुटलो होतो. आकडा केव्हाचा, ते मात्र दाखवत नव्हतो. खाली वेळ लिहिली की चौकट बेढब दिसायची.

पोळ्याला गावी गेलो ते पेनड्राइव्ह खिशात घालूनच. देवणी, शिरूर अनंतपाळ, जिथं कॉम्प्युटर दिसला तिथं ते टाकत गेलो.

पुढच्याच आठवड्यात, मी अजून गावीच असताना, भर दुपारी, दाजींचा म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचा फोन आला. त्यांची गाय आणि वासरू नदीपलीकडच्या मळ्यात होतं; मधे बिनकठड्याचा बुटका पूल.

"काय पाव्हणं, दरवाजे उघडले का हो?"

"बंद हायत दाजी. बिनधास्त जावा."

"आभाळ लई काळं होऊन राहिलंय."

"आभाळाला काय कळतंय? हितं आकडा हाय."

"बरं. तुमच्या भरवशावर निघालो मग."

फोन ठेवला आणि चौकटीकडं पुन्हा पाहिलं. ब्याण्णव पूर्णांक चार टक्के. सकाळी चहाच्या वेळी तेच होतं, जेवताना तेच. बाहेर पाऊस पत्रे वाकवत होता आणि धरणात थेंब वाढला नव्हता. साठवणीचा कप्पा उघडला. आत वेळ होती काल संध्याकाळची.

दाजींना शंभरदा फोन लावला असेल. शंभर नसेल, तर नव्याण्णव. वाजत राहिला. मग बहिणीला लावला.

"ते तर मघाच गेले की," ती म्हणाली. "तूच म्हणलास ना, जावा म्हणून?"

दिवस कलला तेव्हा दाजींचा फोन आला.

"जाताना पूल कोरडा होता. येताना गाय पाय टाकंना. वढलं, शिव्या दिल्या, न्हाई म्हणजे न्हाई. आन् बघता बघता पूलच दिसंना झाला. पल्याड देवळात बसलोय, मी आन् ही दोघं." मग त्यांनी विचारलं, "तुमचं यंत्र काय म्हणतंय आता?"

मी पाहिलं. दरवाजे अजून बंदच होते.

त्याच दिवशी दुरुस्ती केली. आकड्याखाली वेळ लिहिली; अर्ध्या तासाहून जुना आकडा दाखवायचाच नाही, असं केलं. पण पेनड्राइव्हनं दिलेलं एक्स्टेंशन आपोआप बदलत नाही. दारोदार फिरून अकरा ठिकाणचं काढलं. एकूण किती ठिकाणी टाकलं होतं? पारावर मी कधी तीस सांगायचो, कधी पन्नास. खरा आकडा मी कुठं साठवलाच नव्हता.