आमदार आल्याशिवाय अक्षता नाहीत

आमच्या भाऊजींइतकी लग्नं अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात कुणी लावली नसतील, भटजींनीसुद्धा नाही. सरपंचाचे ते आमदार झाले ते मांडवामांडवांतून फिरूनच. पांढरकवड्याकडे आता रीतच पडली आहे, आमदार आल्याशिवाय मंगलाष्टकं सुरू करायची नाहीत. नवरदेव फेट्यात घामाघूम, भटजी घड्याळ पाहून हैराण, आणि भाऊजी फोनवर शांतपणे सांगतात, ‘फाट्यावर हाओ.’ तेव्हा ते दुसऱ्याच गावच्या पंगतीत बुंदी वाढत असतात. एकदा मांडव चुकला आणि त्यांनी भलत्याच नवरदेवाच्या आजोबांचं तोंडभर कौतुक केलं. ते घर कट्टर विरोधातलं. पण आजोबांबद्दल आजवर कुणीच इतकं चांगलं बोललं नव्हतं, म्हणून तेव्हापासून त्यांची मतं भाऊजींनाच. नागपूरचं हिवाळी अधिवेशन नेमकं लग्नसराईत येतं, त्यामुळे सभागृहात एकदाच उभे राहिले तेव्हाही सवयीनं दोन्हीकडच्या पाहुणे मंडळींचं स्वागत करून मोकळे झाले.

त्यांची मुलगी शिकायला यवतमाळला माझ्या घरी होती. मी अबोल कारकून माणूस, पण हिचं सगळं मी केलं, बापानं काय केलं, हे मनात घोकत असे. तिच्या लग्नात मी मामा म्हणून पाठीशी उभा होतो. मुहूर्त टळत आला, भाऊजी सकाळपासून लोकांची लग्नं लावत फिरत होते, आणि खरं सांगतो, मला आतून बरंच वाटत होतं. मी भटजींना म्हटलं, करा सुरू. अंतरपाटासमोर उभी ती मागे वळून म्हणाली, “सारा तालुका थांबते त्यायच्यासाठी, मामा. मी काहून नाही थांबू?”

आले एकदाचे. धावतच स्टेजवर चढले, अक्षता टाकल्या, आणि दर जोडप्याला म्हणतात तेच पोरीला हात जोडून म्हणाले, “काही काम असलं त सांगजा.”

मांडव हसून लोळला. भाऊजींच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. पण पोरगी हसली नाही. म्हणाली, “हाय एक काम. आज जेवायले माह्यापाशी बसा.”

ते बसले. वाढण्यात तरबेज माणूस, पाटावर मांडी घालताना मात्र अवघडला. हातात जिलेबी घेऊन माझ्याकडे वाकले, आणि हळूच विचारलं, “साळेबुवा, पोरीले गोडाचं काय आवडते?”

मला पक्कं ठाऊक होतं. इतकी वर्षं याच प्रश्नाची मी वाट पाहत होतो, चारचौघांत उत्तर देऊन त्यांना लाजवायला. जिभेवर आलेलं गिळलं आणि म्हटलं, “तिलेच विचारा न, भाऊजी.”

त्यांनी विचारलं. ती सांगू लागली. आधी गोडाचं, मग कॉलेजचं, मग कशाकशाचं. खिशातला फोन वाजत राहिला. त्या दुपारी कुठल्यातरी मांडवात माणसं मुठीत अक्षता धरून ताटकळत असणार. भाऊजी ऐकत बसले होते.